ताईने भिजवलेल्या पट्ट्या

माझं काम काय, हे मला आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. सासरी समजूत अशी की मी प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. माहेरी वाटतं मी औषधं बनवते. शेजारच्या वहिनींनी तर एकदा घरचा गॅस लवकर मिळवून देता येईल का म्हणून विचारलं, कारण त्यांनी मला टेम्पोतून सिलिंडर उतरवून घेताना पाहिलं होतं. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत, म्हणून मी कुणाचंच खोडून काढत नाही. पन्नाशीला टेकल्यावर समजावून सांगायचा कंटाळा येतो.

नागापूर एमआयडीसीत मल्चिंग पेपर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मल्चिंग पेपर म्हणजे टोमॅटो-कलिंगडाच्या वाफ्यावर अंथरतात ती काळी प्लास्टिक फिल्म. कारखान्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड आहे, तिथे मी गेली कित्येक वर्षं बसते. आमचे मालक स्वतः प्लास्टिक विकतात आणि बांधाबांधावर त्याच्या चिंध्या उडताना बघून त्यांनाच कसंतरी होतं. उद्या हे बंद झालं तर आपण विकायचं काय, ही भीतीही त्यात आहे, ते ती लपवत नाहीत. म्हणून त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतून जाड पोलादाचं एक भांडं आणलं, एका कॉलेजातून मला आणलं आणि म्हणाले, मॅडम, मातीत जिरून जाईल असं प्लास्टिक करा. जसं काही मी पिशवीतून काढून द्यायचंच बाकी होतं.

भांडं कळशीएवढं आहे. त्याच्या पोटाला जाड काचेची एक खिडकी. त्यात मी कार्बन डायऑक्साइड भरते, सोड्याच्या बाटलीत असतो तोच गॅस. आमच्याकडे तो साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून येतो. मळी आंबताना सुटतो, तो धरून सिलिंडरमध्ये भरतात. हा गॅस खूप दाबला की त्याचा द्रव होतो, आणि आणखी दाब देऊन भांडं कोमट केलं की एका क्षणी तो ना धड गॅस राहतो, ना धड द्रव. खिडकीतून द्रवाच्या पातळीची रेघ दिसत असते, ती धूसर होते, थरथरते आणि नाहीशी होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी शेडमध्ये एकटीने टाळ्या वाजवल्या होत्या. आता रेघ गेली की मी जेवणाचा डबा उघडते.

असा गॅस फार कामाचा असतो. वासाची, विषारी रसायनं वापरावी लागत नाहीत. काम झालं की झडप हळूहळू उघडायची, गॅस निघून जातो, मागे काही घाण राहत नाही. त्यात मी एक बिनरंगी द्रव घालते आणि एन्झाइमची भुकटी. आपल्या पोटात तूप-तेल पचवणारं एन्झाइम असतं ना, त्याच जातीचं. ते द्रवाचे सुटे रेणू एकापुढे एक जोडत जातं, त्यांची साखळी लांबते, आणि भांडं उघडल्यावर तळाशी मेणासारखा पांढरा गोळा सापडतो. गोळा तापवून दाबला की त्याची फिल्म होते. ती मातीत गेली की जिवाणू तिचा फडशा पाडतात.

सगळी गोम ओलाव्यात आहे. हे एन्झाइम कोरड्यात जोडतं आणि ओल्यात तोडतं. एकच शिंपी, तोच शिवतो आणि तोच उसवतो. द्रवात जास्तीची ओल राहिली की साखळी आखूड राहते आणि फिल्म पापडासारखी कटकन मोडते. म्हणून द्रव वाळवायचा, गॅस वाळवायचा, भांडं तापवून वाळवायचं. अर्धा जिल्हा टँकरची वाट बघतोय आणि आपण इथे थेंब न् थेंब हुसकून लावतोय, असं मला उन्हाळाभर वाटत राहायचं. त्यात लाईट जायची. थंड करणारं मशीन उन्हाच्या तडाख्याने बसायचं. झाकणातली रबरी रिंग गॅस पिऊन फुगायची आणि दाब सोडताना फाटायची. मग परत सगळं पहिल्यापासून. यात किती वर्षं गेली ते मी मोजत नाही. नवऱ्याने एकदा मोजून सांगितली, तेव्हा आमच्यात दोन दिवस अबोला होता.

मला एक बहीण आहे, माझ्याहून बरीच थोरली. राहुरीहून शिंगणापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिचं घर आणि सीताफळाची रोपवाटिका. शेती दाजींनी बघायची आणि रोपवाटिकेत दाजींनी नाक खुपसायचं नाही, अशी त्यांच्यात जुनी वाटणी आहे. ताईच्या हातचं कलम फुटतंच, असं त्या पट्ट्यात बोललं जातं. शनिवारी शनीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यासुद्धा परतताना तिच्या फाटकाशी थांबतात. ती त्यांना भाव खाऊन दाखवते. म्हणते, घरी पाण्याची काय सोय आहे ते आधी सांगा, मग कलम देते. गिऱ्हाइकाला असं उलटतपासणीला उभं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कलम बांधायचं म्हणजे गावठी सीताफळाच्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून टाकायची. वर एक बारीकशी पिशवी टोपीसारखी चढवायची. सांधा जुळेपर्यंत काडी जराही हलता कामा नये. हलली की वाळली. पण सांधा जुळल्यावर तीच पट्टी वैरीण होते. खोड जाड होत जातं, प्लास्टिक तसूभर सैल होत नाही, आणि रोपाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून बायांनी रांगेने बसून एकेक पट्टी ब्लेडने कापायची. कुणाचं ब्लेड सालीत घुसतं, कुणाची चार रोपं नजरेतून सुटतात. एका भाऊबिजेला ताई फराळाचं ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली की तुझं ते मातीत जिरणारं प्लास्टिक कधी जिरायचं ते जिरो, आधी माझ्या पट्टीचं काहीतरी कर.

ते माझ्या डोक्यात बसलं. एरवी गोळा तयार झाला की मी एन्झाइम त्यातून काढून टाकायचे. म्हटलं, थोडं मुद्दाम आत ठेवून बघू. फिल्म कोरडी असेपर्यंत ते गप्प बसेल. पट्टी खोडाला बांधली की हवेतली, खोडातली ओल तिला जराजरा लागेल आणि एन्झाइम आतून सावकाश उसवायला घेईल. सांधा जुळेपर्यंत पट्टीने धरावं, मग आपोआप गळून पडावं. कापायला नको, काही नको. घरच्या जास्वंदीवर बांधली, ताईकडच्या चार-दोन रोपांवर मी स्वतः जाऊन बांधली. तिथे पट्टीने धरलं आणि पुढे खरंच गळून पडली. ताईने तो गळलेला तुकडा बोटांत चुरडून बघितला, वास घेतला, दाजींना बोलावून दाखवला. माझ्या लग्नातही ती एवढी खूश दिसली नव्हती.

याच सुमारास पाथर्डीकडच्या एका जोडप्याचं प्रकरण सुरू झालं. ताईच्या शेताला लागून ऊसतोडीची टोळी दरवर्षी उतरते. टोळीतली एक बाई ताईच्या मोटारीवर पाणी भरायला यायची, त्यातून दोघींचं जमलं होतं. ताई तिला जुनी लुगडी द्यायची आणि ती ताईला न मागता गवत कापून द्यायची. गावाकडे त्या नवराबायकोची मुरमाड जमीन पडून होती. ताईने त्यांना पटवलं की सीताफळ मुरमावरच गोड होतं आणि पाणी मागत नाही. दोघं तयार झाले. टोळीच्या मुकादमाला पुढच्या वर्षी आम्ही येणार नाही असं सांगूनही बसले. मुलगी दहावीला जाणार होती, ती दरवर्षी आजीजवळ राहायची, आता आई-बाप घरी थांबणार म्हणून गावभर सांगत सुटली होती. त्यांची सगळी कलमं पावसाळ्याच्या तोंडाला द्यायचा शब्द ताईने दिला होता. त्यांना लागणारी काडी ज्या जुन्या झाडांवरून घ्यायची, त्या झाडांवर वर्षातून एकदाच ती कलमाजोगी तयार होते. म्हणजे ही खेप फसली तर त्यांचं अख्खं वर्ष लांबणार होतं आणि परत कोयता हातात येणार होता.

आणि ताईने ती अख्खी खेप माझ्या पट्टीने बांधायचं ठरवलं. मी म्हटलं, निम्मी प्लास्टिकने बांध. तर म्हणाली, मुरमाडावर लावल्यावर पट्ट्या कापत कोण बसणार तिथे? त्यांच्यासाठीच तर ही पट्टी चांगली. खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला माहीत होतं. धाकटी बहीण इतकी वर्षं त्या शेडमध्ये काय करते, हे तिला एकदाचं चारचौघींना दाखवायचं होतं.

मी सगळा माघ त्या पट्ट्या करण्यात घालवला. पाकिटं करून, तोंडं चिकटवून तिला नेऊन दिली आणि बजावलं की यांना पाणी लागू द्यायचं नाही, ओल्या जागी ठेवायच्या नाहीत, बांधायच्या दिवसापर्यंत पाकीट फोडायचं नाही. तिने मान डोलावली. लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली पाकिटं ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. बांधणीच्या दिवशी मी जाणार होते, पण भांड्याची रिंग फाटली आणि मी शेडमध्येच अडकले. ताई फोनवर म्हणाली, तू येऊन काय करणार, कलमं तू बांधतेस की मी? दुपारी तिचा परत फोन आला. म्हणाली, पट्टी काय झाली आहे गं, लोण्यासारखी मऊ, बाया खूश आहेत, हाताला कुठे कापत नाही. मी रिंग बसवता बसवता हसले. त्या दिवशी चहाही दोनदा घेतला.

पुढे महिना उलटायच्या आत तिचा फोन आला. आवाज खाली होता. एवढंच म्हणाली, "तू येऊन जा. कलमं माना टाकाया लागली."

मी स्कूटर काढली ती थेट फाटकात. शेडनेटखाली रांगाच्या रांगा होत्या. मी पहिल्या रोपाची टोपी काढली. पट्टी पट्टीसारखी राहिलीच नव्हती. ओल्या कागदासारखी पिचून खोडाला चिकटली होती, बोट लावलं तर निघून आली. सांधा उघडा पडलेला, काडी काळी. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मी पुढे जात राहिले, ताई मागून येत राहिली. मधूनच एखादं हिरवं सापडायचं, मग मी त्याच्यापाशी उगाच जास्त वेळ थांबायचे.

मला काही कळेना. जास्वंदीवर टिकली, आधीच्या रोपांवर टिकली, मग आताच काय झालं? मी तिला बारीकसारीक विचारत सुटले. पाकीट कधी फोडलं, कुठे फोडलं, फवारणी केली का, टोप्या ओल्या होत्या का. ती सगळ्याला नाही म्हणत होती. मग सहज बोलावं तसं म्हणाली की आदल्या दिवशी सांजच्याला बादलीत टाकल्या, सकाळी काढल्या, बस.

आमच्या घरात कुठलीही बांधायची वस्तू कोरडी बांधत नाहीत. सुतळी असो, काथ्या असो, केळीच्या खोडाचं वाळकं सोपट असो, आदल्या दिवशी ते पाण्यात पडलंच पाहिजे. वडील केळीच्या सोपटानेच कलमं बांधायचे, आणि सोपट भिजवलं नाही तर ते तुटतं. पुढे प्लास्टिक आलं, तरी ताईची बादली सुटली नाही. प्लास्टिकच्या पट्ट्याही ती भिजवते. मी ते लहानपणापासून पाहिलेलं, आणि म्हणूनच ते माझ्या कधी डोळ्यांवर आलं नसावं.

मी म्हटलं, "ताई, मी सांगितलं होतं ना पाणी लागू द्यायचं नाही."

"मग कुठं लागू दिलं? कपाटात ठिवल्या हुत्या."

"आणि बादलीत काय होतं?"

"अगं, ते बांधाया. ठिवाया येगळं, बांधाया येगळं. बांधायची वस्तू भिजिवल्याबिगर बांधत्यात व्हय?" मग हळूच म्हणाली, "थंडी हुती म्हणून पानी कोमट केल्तं मी. तुझी पट्टी नाजूक म्हणून."

कोमट पाणी. एन्झाइमला जगात याहून जास्त काही आवडत नाही. रात्रभर त्या पट्ट्या बादलीत आतल्या आत उसवत बसल्या होत्या, आणि सकाळी त्या लोण्यासारख्या मऊ लागल्या त्या यामुळे. हे तिला सांगायची गरज नव्हती. तिला ते कळलं होतं. ती खाली बसली, एका रोपाची पिशवी उगाच सरळ करत राहिली. मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. यातलं मी काहीच केलं नाही. म्हटलं, घरात प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत का?

होत्या. जी हिरवी दिसत होती ती वाचवायची म्हणून आम्ही बसलो, ताई, तिच्या रोजच्या बाया आणि मी. पट्ट्यांचा जुडगा एका टोकाने दातात धरायचा, एकेक ओढून घ्यायची आणि आवळायची. ज्या प्लास्टिकपासून सुटका करून घ्यायला मी आयुष्याची चांगली वर्षं घातली, ते माझ्या तोंडात होतं. एक म्हातारी बाई म्हणाली की मॅडमला जमतंय की. मला हसू आलं, ते तसंच दातांत राहिलं. सांजेपर्यंत पाठीचा काटा ढिला झाला. जेवढी वाचतील असं वाटलं होतं त्यातलीही पुढे बरीच गेली.

त्यानंतरचे आठवडे मला धड आठवत नाहीत. मालकांना सगळं सांगितलं. ते बरे माणूस आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, मॅडम, पाकिटावर छापू की भिजवू नका म्हणून. मी म्हटलं, पाकिटावरचं कोण वाचतं, आणि न भिजवता ठेवली तरी उद्या पाऊस पडेल, परवा कुणी सकाळी नळी धरेल, पट्टीला पाणी लागणारच. पाण्यात टिकणारी आणि पाण्यानेच विरणारी पट्टी करायची म्हणजे साखळी लांब हवी, एन्झाइम आणखी आत दडवायला हवं, म्हणजे परत ते भांडं, ती रिंग, ते वाळवणं. ते म्हणाले, मग करा की. वेळ घ्या. इतक्या सहज म्हणाले की मला त्यांच्यासमोर बसवेना.

मला ते नको होतं. घ्या ही शेड परत असं म्हणायला कुणीतरी कारण द्यावं, याची मी किती दिवसांपासून वाट बघत होते ते तेव्हा मला कळलं. हे कारण चांगलं होतं. कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बरोबर आहे, आता पुरे. गुडघे दुखतात, डोळ्यांचा नंबर वाढला, खिडकीतली रेघ पहिल्यासारखी दिसत नाही. कुठल्याशा शाळेत तास घ्यावेत, दुपारी घरी येऊन पडावं. सोमवारी मालकांना सांगायचं असं मी पक्कं केलं आणि रविवारी ताईकडे गेले. तिला आधी सांगायचं होतं.

साखर कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, आणि टोळ्या परत निघाल्या होत्या. मी पोचले तेव्हा ते पाथर्डीचं जोडपं ताईच्या ओसरीवर बसलेलं. बाहेर ट्रकमध्ये सामान भरणं चाललं होतं, टोळीतली आणखी चार-पाच माणसं पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. दोघं कलमं बघायला आले होते. पावसाळ्यात न्यायची, पण जाण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून जावं म्हणून. ताईने त्यांना आधी चहा पाजला. मग उठून शेडनेटखाली नेलं. मी मागे मागे गेले.

रिकाम्या रांगा बघत तो माणूस टोकापर्यंत चालत गेला. बायकोने विचारलं, उरलेली कुठे ठेवली आहेत. ताई म्हणाली, उरलेली नाहीत. जगली तेवढी ही, तुमच्या जमिनीच्या एका कोपऱ्याला पुरतील. बाकीची पुढच्या वर्षी देते, नक्की देते.

तो माणूस टोकाकडून परत आला. मग म्हणाला, "म्हंजी औंदा बी कोयताच." ताईकडे न बघता म्हणाला. मुकादमाला नाही म्हणून सांगितलं आहे, आता परत त्याच्या दारात जावं लागेल, असं काहीसं तो बायकोशी बोलत होता. आणि पोरीला काय सांगायचं, हे ती त्याला विचारत होती.

बाईची नजर एका मेलेल्या रोपावर गेली. त्याच्या खोडाला माझ्या पट्टीचा पांढरा पापुद्रा चिकटून राहिला होता. तिने तो नखाने सोलून घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताईला विचारलं, "आक्का, ह्या नव्या पट्टीनं मेली व्हय?"

टाकीपाशी उभी असलेली माणसंही एव्हाना आत आली होती. मी बोलणार होते. शब्द तयार होते. ताईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"पट्टीला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पट्टी चांगली हाय. माझ्या हातनं झालं. चिरा नीट बसल्या न्हाईत आन् पानी जास्ती झालं. वय झालं आता, हात कापतो."

तिचा हात कापत नाही. आजही सुईत दोरा ती माझ्याआधी ओवते. तिची एकही चीर वाकडी गेलेली मी पाहिलेली नाही. पण टोळीतल्या माणसांनी ऐकलं, ते ट्रकमध्ये बसून पाथर्डीपर्यंत ते बोलत जाणार होते, आणि या रस्त्यावर ज्यांच्या घरी तिची कलमं आहेत त्यांच्यापर्यंतही ते पोचणार होतं. त्या बाईने ताईचा हात हातात घेऊन बघितला, जणू खरंच कापतो का ते. मग म्हणाली, असू द्या आक्का, हुतंय. पावसाळ्यापर्यंत घरीच जपू म्हणून दोघं जगलेली रोपं पाटीत घेऊन गेले.

ट्रक निघून गेल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. मी म्हटलं, खोटं का बोललीस? तुझ्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "माझं एक साल खराब गेलं. फुडल्या साली पुन्ना बांधीन, लोक पुन्ना येतील. त्यांस्नी दुसरं कोन हाय? तुझ्या पट्टीचं नाव एकदा गेलं, तर तिला कोन हात लावील का?"

"ताई, मी हे सोडणार होते. तेच सांगायला आले होते. उद्या मालकांना सांगणार होते."

ती माझ्याकडे बघायला लागली. रागाने नाही. लहानपणी मी शाळेला दांडी मारायचं ठरवलं की दारात उभी राहून बघायची, तशी.

"आता सोडून बघ," म्हणाली, आणि चहाची भांडी घेऊन आत गेली.

मी तिथेच बसून राहिले. दंडावर तिच्या नखांचे वळ उठले होते. तिचा फार राग येत होता. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं अडकवलं नव्हतं, ना मालकांनी, ना त्या भांड्याने. थकले तर होतेच, अजूनही आहे, पण तो थकवा घेऊन आता घरी जाऊन पडता येणार नव्हतं. तिने आपलं नाव घालवून माझी पट्टी वाचवली होती, आणि ती पट्टी अजून नीट झालेलीच नव्हती.